९६ टक्के अचूक म्हणजे नेमकं काय? मॉडेलच्या चुकांचं चित्र नोंदवून का ठेवायचं

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या फाउंड्र्यांमधून पंपांचे, व्हॉल्व्हचे, ट्रॅक्टरचे आणि मोटारींचे भाग ओतून बाहेर जातात. प्रत्येक कास्टिंग गाडीत चढण्याआधी कुणीतरी ते हातात घेऊन उजेडात फिरवून बघतं. हे डोळ्यांचं काम कॅमेऱ्याला आणि संगणकाला शिकवता येईल का, हा प्रश्न आता कारखान्यांत विचारला जातो आणि अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांतही. कुणी ब्लोहोल (धातूत अडकलेल्या वायूमुळे पडलेलं भोक) ओळखणारं मॉडेल करतं, कुणी उसाच्या पानावरचा तांबेरा ओळखणारं. विषय कुठलाही असो, सादरीकरणाच्या शेवटी एक वाक्य हमखास येतं: "आमचं मॉडेल ९६ टक्के अचूक आहे."

ऐकणारे माना डोलावतात. यापुढं विचारायचं काय, हेच बहुतेकांना माहीत नसतं. विचारायला हवं ते असं: उरलेले चार टक्के कुठले? मॉडेल नेमकं कुठं चुकतं, आणि त्या चुकांचं चित्र तुम्ही ज्या प्रयोगातून ते मॉडेल निघालं त्याच्याच नोंदीत ठेवलं आहे का? माझ्या मते ज्या मॉडेलचा फक्त आकडा लिहिलेला आहे आणि चुकांचं चित्र कुठंच नाही, ते मॉडेल तपासणीच्या टेबलावर बसवू नये. असं का म्हणतो, ते पायरीपायरीने सांगतो.

## आधी दोन शब्द: मॉडेल आणि रन

मॉडेल म्हणजे उदाहरणांवरून शिकलेला प्रोग्रॅम. "भोक दिसलं तर खराब म्हण" असा नियम त्याला कुणी लिहून देत नाही. त्याला चांगल्या आणि खराब कास्टिंगचे ढीगभर फोटो दाखवायचे, प्रत्येक फोटोला "चांगलं" किंवा "खराब" अशी खूण करून. ते आपल्या पोटातले आकडे हळूहळू असे बदलत नेतं की उत्तरं खुणांशी जुळू लागतात. शिकून झाल्यावर नवा फोटो दाखवला की ते ० ते १ मधला एक अंक देतं. ०.९ म्हणजे "हे बहुतेक खराब", ०.१ म्हणजे "हे बहुतेक चांगलं".

शिकवण्याच्या एका पूर्ण प्रयत्नाला रन म्हणतात. एका रनमध्ये मनासारखं मॉडेल मिळत नाही. फोटोचा आकार बदलून बघायचा, शिकण्याचा वेग कमी करायचा, शॉट ब्लास्टिंगनंतरचेच (छऱ्यांच्या माऱ्याने साफ केल्यानंतरचेच) फोटो घ्यायचे, खराब कास्टिंगचे फोटो वाढवायचे, असं करत रन पन्नासावर जातात. पंधरा दिवसांनी कुणी विचारलं की सगळ्यात चांगलं निघालेलं मॉडेल कुठल्या फोटोंवर शिकलं होतं, तर उत्तर आठवणीत सापडत नाही.

त्यासाठी एक्सपेरिमेंट ट्रॅकिंगची साधनं आहेत. टेन्सरबोर्ड २०१५ साली गूगलच्या टेन्सरफ्लोबरोबर आलं. एमएलफ्लो डेटाब्रिक्सने २०१८ साली सगळ्यांसाठी खुलं केलं. वेट्स अँड बायसेस हेही बरंच वापरलं जातं. प्रत्येकाची मांडणी वेगळी असली तरी गाभा एकच: प्रत्येक रनला एक ओळख क्रमांक द्यायचा आणि त्याखाली तीन प्रकारच्या गोष्टी जमवायच्या. रनच्या आधी आपण ठरवलेल्या गोष्टी म्हणजे पॅरामीटर. रनमधून निघालेले आकडे म्हणजे मेट्रिक. आणि फाइली, म्हणजे तयार झालेलं मॉडेल, तक्ते, चित्रं, यांना आर्टिफॅक्ट म्हणतात.

फाउंड्रीत काम केलेल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, कारण हीटचं रजिस्टर म्हणजे हेच. भट्टीतून वितळलेला धातू एकदा काढला की ती एक हीट. तिला नंबर मिळतो. चार्जमध्ये काय घातलं, स्पेक्ट्रोमीटरवर कार्बन-सिलिकॉन किती आलं, ओतताना तापमान किती होतं, हे सगळं त्या नंबरापुढं लिहिलं जातं. सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाची तक्रार आली तर कास्टिंगवरचा नंबर वाचून रजिस्टर उघडतात. एसजी आयर्न (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं असं बीड) असेल तर मायक्रोस्कोपखालचा ग्राफाइटच्या गोळ्यांचा फोटोही त्या हीटला जोडलेला असतो. नोड्युलॅरिटीचा, म्हणजे गोल गोळ्यांच्या प्रमाणाचा, टक्का लिहिलेला असतानाही फोटो ठेवतात, कारण गोळे नीट गोल आहेत की काही वेडेवाकडे झालेत, ते टक्क्यावरून समजत नाही. मॉडेलच्या रनला चुकांचं चित्र जोडून ठेवणं म्हणजे तो मायक्रोस्कोपचा फोटो हीटच्या नोंदीत ठेवणं.

## टक्का तोच, मॉडेलं दोन

आता हिशेब करू. समजा, चाचणीसाठी १००० कास्टिंगचे फोटो बाजूला काढले. त्यांतली ६० खरोखर खराब, ९४० चांगली.

पहिलं मॉडेल बघा. ६० खराबपैकी ४५ त्याने पकडली, १५ सुटली. ९४० चांगल्यांपैकी २५ त्याने उगाच खराब ठरवली. चुका १५ आणि २५, मिळून ४०. हजारात ४० चुका म्हणजे अचूकता ९६ टक्के.

दुसऱ्या मॉडेलने ६० पैकी ५६ पकडली, ४ सुटली. पण ३६ चांगली कास्टिंग त्याने खराब म्हणून बाजूला काढली. चुका ४ आणि ३६, पुन्हा ४०. अचूकता पुन्हा ९६ टक्के.

कागदावर दोन्ही सारखी, पण कारखान्यात त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक. सुटलेलं खराब कास्टिंग मशीनशॉपमध्ये जातं, त्यावर कामाचे तास खर्ची पडतात, आणि नशीब वाईट असेल तर ते गिऱ्हाइकाच्या असेंब्लीत सापडतं. मग एक पीस नाही, अख्खा लॉट परत येतो. उगाच बाजूला काढलेलं चांगलं कास्टिंग मात्र माणूस पुन्हा हातात घेऊन बघतो आणि परत रांगेत ठेवतो. खर्च आहे, पण तो मिनिटांचा. ब्रेकच्या किंवा स्टिअरिंगच्या भागासाठी मी डोळे मिटून दुसरं मॉडेल घेईन. काउंटरवेटसारखं फक्त वजनासाठी लागणारं कास्टिंग असेल, तर पहिलं चालून जाईल.

आणि एक तिसरं "मॉडेल" बघा, जे काहीही न शिकता प्रत्येक फोटोला "चांगलं" म्हणतं. ६० च्या ६० खराब त्यातून सुटतात, तरी त्याची अचूकता ९४ टक्के भरते! खराब माल कमी असतो तिथं नुसती अचूकता माणसाला अशी फसवते. आणि चांगल्या चाललेल्या फाउंड्रीत खराब माल कमीच असतो.

वरचे चार आकडे (पकडलेली खराब, सुटलेली खराब, उगाच अडवलेली चांगली, नीट पास झालेली चांगली) दोन ओळी आणि दोन स्तंभांच्या चौकटीत मांडले की तिला कन्फ्यूजन मॅट्रिक्स म्हणतात. मॉडेल कशाला काय समजतं, त्याचा तो नकाशा. त्यातून दोन उपयोगी प्रमाणं निघतात. खरोखर खराब असलेल्यांपैकी किती पकडली, ते रिकॉल: पहिल्या मॉडेलचं ७५ टक्के, दुसऱ्याचं सुमारे ९३. आणि ज्यांना खराब म्हटलं त्यांतली खरंच खराब किती, ते प्रिसिजन: पहिल्याचं सुमारे ६४ टक्के, दुसऱ्याचं ६१.

## मग चार आकडेच लिहू, चित्र कशाला?

चांगलं-खराब एवढाच प्रश्न असता तर चार आकड्यांवर भागलं असतं. पण तपासणीच्या टेबलावर "खराब" नावाचा एकच दोष नसतो. ब्लोहोल असतं, कोल्ड शट (धातूचे दोन प्रवाह नीट न जुळल्याने राहिलेली रेघ) असतो, वाळू अडकलेली असते, तडा असतो, साच्याच्या दोन पेट्या सरकून झालेला मिसमॅच असतो. पाच दोष आणि सहावं "चांगलं" धरलं की चौकट ३६ घरांची होते. ३६ आकडे ओळीने वाचून काही कळत नाही. तीच चौकट रंगांत काढली, जास्त चुका तिथं गडद रंग, की नजर थेट त्या घरावर जाते जिथं मॉडेल कोल्ड शटला तडा समजतंय. हे दिसलं तर फोरमन लगेच सांगेल की त्या दोन दोषांचे फोटो एकाच कोनातून काढलेत, बाजूने उजेड टाका.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. मॉडेल ० ते १ मधला अंक देतं हे आपण पाहिलं. कितीच्या वर गेलं की "खराब" म्हणायचं, ती रेघ आपण ओढतो. तिला थ्रेशोल्ड म्हणतात. बहुतेक जण काही विचार न करता ०.५ धरतात. रेघ ०.३ वर आणली तर जास्त खराब माल पकडला जाईल आणि जास्त चांगला मालही अडेल. ०.७ वर नेली तर उलट. म्हणजे कन्फ्यूजन मॅट्रिक्स हे एका रेघेपुरतं चित्र झालं. सगळ्या रेघांचं मिळून चित्र हवं असेल तर वक्र काढावा लागतो.

त्यातला जुना वक्र म्हणजे आरओसी. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावरचा ठिपका विमानाचा की नुसता गोंगाट, हे ऑपरेटर किती नीट ओळखतात ते मोजण्याच्या कामातून तो आला. आडव्या अक्षावर चांगल्यांपैकी उगाच अडवलेल्यांचं प्रमाण, उभ्या अक्षावर खराबांपैकी पकडलेल्यांचं. वक्र डाव्या वरच्या कोपऱ्याकडे जितका चिकटेल तितकं मॉडेल चांगलं.

पण आमच्यासारख्या कामाला आरओसी एकटा पुरत नाही. दुसऱ्या मॉडेलने ९४० पैकी ३६ चांगली अडवली, म्हणजे ३.८ टक्के. आरओसीवर हा बिंदू डाव्या कडेला दिमाखात बसेल. तेच दुसऱ्या बाजूने बघा. मॉडेलने एकूण ९२ पीस अडवले, त्यांतले ३६ चांगले, म्हणजे ३९ टक्के. अडवलेल्या दर पाच पिसांतले जवळपास दोन तपासणाऱ्याला चांगलेच सापडणार, आणि आठवड्याभरात त्याचा मशीनवरचा विश्वास उडणार. ही गोष्ट प्रिसिजन-रिकॉल वक्रात लख्ख दिसते. खराब माल थोडा असेल तिथं हा दुसरा वक्र आधी बघावा, असं मी आग्रहाने सांगेन.

तिसरं चित्र कॅलिब्रेशनचं. ज्या फोटोंना मॉडेलने ०.८ च्या आसपास अंक दिला, त्यांतले खरोखर ८० टक्के खराब होते का? नसतील, तर त्या अंकाला शक्यता समजून निर्णय घेता येत नाही.

आणि माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं चित्र आलेखच नाही. सुटलेल्या चार खराब कास्टिंगचे चार फोटो, एका पानावर शेजारी शेजारी, प्रत्येकाखाली मॉडेलने दिलेला अंक आणि हीट नंबर. कारखान्यातला जुना इन्स्पेक्टर वक्राकडे बघणारही नाही. "टक्के राहू देत की रे, सुटलेले पीस कुठले ते दाखव," म्हणेल. त्याचं बरोबर आहे. हे पान प्रत्येक रनला जोडावं.

## "पीएनजी फोल्डरमध्ये ठेवतोच की!"

हा आक्षेप नेहमी येतो. चित्र काढलं, फाइल केली, फोल्डरमध्ये टाकली. तिचं नाव फायनल. पुढच्याचं फायनल दोन. मग फायनल नवीन. ते चित्र कुठल्या मॉडेलचं, कुठल्या फोटोंवरचं, थ्रेशोल्ड किती धरला होता, यातलं काहीच त्या फाइलला माहीत नसतं. दोन महिन्यांनी अहवाल लिहिताना सगळ्यात सुंदर दिसणारं चित्र उचललं जातं आणि त्याशेजारी दुसऱ्याच रनचा आकडा बसतो. यात लबाडी कुणाचीच नसते, तरी अहवाल खोटा होतो.

म्हणून चित्र काढणारा प्रोग्रॅम आणि नोंद करणारा प्रोग्रॅम एकच असावा. एमएलफ्लोमध्ये लॉग फिगर ही आज्ञा आहे. मॅटप्लॉटलिबने (पायथनमधलं आलेख काढण्याचं साधन) काढलेला आलेख तिच्या हवाली केला की तो चालू रनखाली आर्टिफॅक्ट म्हणून जाऊन बसतो. पायटॉर्चमधून टेन्सरबोर्डमध्ये नोंद करताना ॲड फिगर आहे. मधे माणसाचा हात लागत नाही, त्यामुळे अदलाबदल होत नाही.

एवढ्यावर थांबू नये. चित्र हे शेवटी ठिपक्यांचं असतं. त्यावरून मागं जाऊन "थ्रेशोल्ड ०.४ असता तर काय झालं असतं" हे काढता येत नाही. त्यासाठी चित्राबरोबर ते ज्यातून निघालं तो तक्ताही ठेवावा: फोटोचं नाव, हीट नंबर, खरी खूण, मॉडेलने दिलेला अंक. हजार फोटोंचा असा तक्ता म्हणजे एका मोबाइल फोटोपेक्षाही लहान फाइल. ती असेल तर वर्षाने हवं ते चित्र नव्याने काढता येतं, आज जे सुचलेलं नाही तेही. वेट्स अँड बायसेसमध्ये कन्फ्यूजन मॅट्रिक्स, आरओसी यांसाठी वेगळ्या आज्ञा आहेत. त्या चित्राऐवजी आकडे पाठवतात आणि पडद्यावर आलेख काढतात, त्यामुळे दोन रनचे वक्र एकावर एक ठेवून बघता येतात. चित्र की तक्ता असा वाद घालत बसू नका. दोन्ही ठेवा.

शिवाय मॅट्रिक्समधली महत्त्वाची घरं मेट्रिक म्हणूनही नोंदवावीत. "सुटलेले ब्लोहोल: ४" असा आकडा मेट्रिकमध्ये असेल तर पन्नास रनची यादी त्यावरून क्रमाने लावता येते. चित्रांची यादी अशी लावता येत नाही.

## आपोआप होणाऱ्या नोंदीवर विसंबू नका

काही साधनं चित्रं आपणहून नोंदवतात. एक ओळ लिहिली की झालं. सोय चांगली आहे, पण तिथं एक खड्डा आहे. सायकिट-लर्नच्या (पायथनमधलं मॉडेल शिकवण्याचं साधन) मॉडेलसाठी एमएलफ्लोची स्वयंचलित नोंद चालू केली की कन्फ्यूजन मॅट्रिक्स आणि वक्र आपोआप येतात, मात्र ते शिकवण्याच्या फोटोंवरचे. फाइलच्या नावात सुरुवातीलाच ट्रेनिंग लिहिलेलं असतं. मॉडेलने जे फोटो आधीच पाहिले आहेत त्यांवर ते छान उत्तर देणारच. ते देखणं चित्र अहवालात लावून "चाचणीचा निकाल" म्हणणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. चाचणीच्या फोटोंवरचं चित्र आपण मुद्दाम, वेगळ्या नावाने नोंदवायचं.

## दोन चित्रं शेजारी ठेवता आली पाहिजेत

नोंद ठेवण्याचा सगळा खटाटोप तुलनेसाठी आहे. मागच्या महिन्यातलं मॉडेल आणि आजचं, यांत काय सुधारलं? पण चित्रं एकाच मापाची नसतील तर तुलना होत नाही. एका आलेखाचा उभा अक्ष ० पासून १ पर्यंत आणि दुसऱ्याचा ०.९० पासून १.०० पर्यंत असेल, तर दुसऱ्यातली बारीकशी वाढ डोंगराएवढी दिसते. मॅटप्लॉटलिबला अक्ष ठरवून दिला नाही तर ते हातातल्या आकड्यांप्रमाणे तो ओढून घेतं. तेव्हा अक्ष आधीच पक्के करा.

रंगांचंही तसंच. एका चौकटीत नुसते नग आणि दुसऱ्यात टक्के असतील तर गडद रंगाचा अर्थच बदलतो. मी दोन्ही लिहितो: रंग ओळीतल्या टक्क्याप्रमाणे, आणि घरात नगांची संख्या. सायकिट-लर्न खरी खूण ओळीत आणि मॉडेलचं उत्तर स्तंभात ठेवतं, पण काही जण उलटं मांडतात. अक्षांवर नाव नसेल तर सुटलेले पीस आणि अडवलेले पीस यांची सरळ अदलाबदल होते. आणि दोन्ही रनची चाचणी त्याच फोटोंवर झालेली हवी. चाचणीचा संच बदलला तर त्याला नवं नाव द्या आणि ते पॅरामीटरमध्ये लिहा.

## जागा, वेळ आणि गुपित

जागेची भीती बहुतेक वेळा फुकटची असते. रन संपल्यावरची पाच-सहा चित्रं आणि एक तक्ता यांना फारशी जागा लागत नाही. जागा खातात मॉडेलच्या फाइली. चूक होते ती प्रत्येक पावलाला चित्र नोंदवण्यात. शिकवताना मधून मधून एखादं, शेवटी सगळी, एवढं पुरे. आलेख नोंदवून झाला की तो बंद करण्याची आज्ञाही लिहावी, नाहीतर ते सगळे मेमरीत साठत जातात. वीसच्या वर उघडे राहिले की मॅटप्लॉटलिब स्वतःच इशारा देतं.

"गिऱ्हाइकाच्या भागांचे फोटो बाहेर जातील" ही काळजी मात्र खरी आहे. बहुतेक करारांत ड्रॉइंग आणि भागाची माहिती गुप्त ठेवण्याची अट असते, आणि सुटलेल्या पिसांचं जे पान मी वर सांगितलं त्यात त्या भागाचे फोटोच असतात. दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालणारी सेवा घेण्याआधी मालकाला आणि गिऱ्हाइकाला विचारा. एमएलफ्लो मुक्त स्रोताचं आहे. ते कारखान्यातल्याच एका संगणकावर, इंटरनेटविनाही चालतं. छोट्या युनिटला आणि विद्यार्थ्यांना ते पुरेसं आहे.

## चित्र जे सांगत नाही

चांगलं चित्रही काही गोष्टी लपवतं, आणि त्या माहीत नसतील तर नोंदवही नीटनेटकी राहूनही निर्णय चुकतो.

पहिली गोष्ट फोटोंच्या वाटणीची. एकाच कास्टिंगचे चार बाजूंनी चार फोटो काढले आणि सगळे फोटो पिसून शिकवणी आणि चाचणी अशी वाटणी केली, तर एकाच पिसाचे दोन फोटो इकडं, दोन तिकडं जातात. एकाच हीटची कास्टिंगही एकमेकांसारखी दिसतात: तीच वाळू, तोच पृष्ठभागाचा रंग, तोच दिवसाचा उजेड. मॉडेल दोष ओळखायला शिकतच नाही, ते ती हीट ओळखतं. वक्र मात्र कोपऱ्याला चिकटलेला सुंदर येतो. उपाय एकच: वाटणी हीटप्रमाणे करायची. एक हीट पूर्णपणे शिकवणीत किंवा पूर्णपणे चाचणीत. सायकिट-लर्नमध्ये ग्रुप के-फोल्ड नावाची सोय यासाठीच आहे. वाटणी कशी केली हे चित्राच्या शीर्षकात लिहा. इतकं महत्त्वाचं आहे ते.

दुसरी गोष्ट नगांची. दुसऱ्या मॉडेलने ६० पैकी ५६ खराब पकडली, म्हणजे ९३ टक्के. पण ६० हा आकडा लहान आहे. दुसरे ६० पीस घेतले असते तर उत्तर वेगळं आलं असतं. संख्याशास्त्राच्या हिशेबाने खरं रिकॉल साधारण ८४ ते ९७ टक्क्यांच्या मधे कुठंतरी असू शकतं. म्हणजे ९३ वरून ९५ झालं म्हणून पेढे वाटण्यात अर्थ नाही. वक्राभोवती हा पट्टा फिकट रंगाने काढला तर बघणाऱ्याला ते आपोआप कळतं.

तिसरी गोष्ट मोहाची आहे. चाचणीचं चित्र बघायचं, मॉडेल थोडं बदलायचं, पुन्हा चित्र बघायचं. असं वीस वेळा केलं की मॉडेल त्या हजार फोटोंपुरतं घडत जातं आणि ती चाचणी उरत नाही. म्हणून फोटोंचे तीन वाटे करतात: एक शिकवायला, एक रोजच्या सुधारणेला आणि थ्रेशोल्ड ठरवायला, आणि तिसरा शेवटी एकदाच उघडायला. नोंदीतली रोजची चित्रं दुसऱ्या वाट्याची असावीत. ट्रॅकिंगचं साधन इथं आणखी एका अर्थाने कामाला येतं. दर वेळची नोंद केली असेल तर तिसरा वाटा किती वेळा उघडला गेला, हे त्यात दिसतं.

चौथी गोष्ट आपल्या हवेची. बेळगाव-खानापूरकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. जूनपासून साच्याच्या वाळूतला आणि कोअरमधला (साच्यातल्या वाळूच्या गाभ्यातला) ओलावा सांभाळणं अवघड जातं, आणि ओलावा वाढला की वायूची भोकं वाढतात. उन्हाळ्यातल्या फोटोंवर शिकलेलं मॉडेल जुलैत वेगळ्याच मालासमोर उभं असतं. खराबचं प्रमाण बदलतं, पृष्ठभागाचं रूप बदलतं, शेडमधला उजेडही बदलतो. मार्चमध्ये काढलेला वक्र तेव्हा मार्चपुरताच खरा असतो. म्हणून मॉडेल बसवल्यानंतरही महिन्यातून एकदा माणसाने तपासलेले काही पीस घेऊन तीच चित्रं पुन्हा काढावीत आणि त्याच जागी, तारखेसह नोंदवावीत. सुटलेल्यांचं घर दर महिन्याला गडद होत चाललं असेल तर पुन्हा शिकवण्याची वेळ झाली.

आणि एक मर्यादा कॅमेऱ्याची. तो पृष्ठभाग बघतो. पोटातलं भोक किंवा श्रिंकेज (धातू आकसून राहिलेली पोकळी) त्याला दिसत नाही, त्याला एक्स-रे किंवा अल्ट्रासॉनिक लागतं. चित्रावर "खराब" लिहिण्याऐवजी "पृष्ठभागावर दिसणारा दोष" असं लिहिलं तर कुणाची भलती समजूत होणार नाही.

## चित्र कुणाला वाचता आलं पाहिजे?

थ्रेशोल्ड ०.३ ठेवायचा की ०.५, हा संगणकाचा प्रश्न नाही. किती चांगला माल पुन्हा हाताळायला परवडतो आणि किती खराब माल सुटलेला चालतो, याचा तो निर्णय आहे. तो क्वालिटीवाल्याचा, फोरमनचा आणि मालकाचा आहे. म्हणजे चित्र त्यांना वाचता यायला हवं. आपल्याकडे एकाच टेबलावर मराठी बोलणारा आणि कन्नड बोलणारा शेजारी बसतो, आणि दोघांना दोष ओळखू येतात ते शॉपमधल्या नावांनी. मॉडेलमधले संक्षिप्त इंग्रजी कोड तसेच अक्षांवर टाकले तर दोघंही मान फिरवतील.

मराठी किंवा कन्नड नावं टाकताना एक तांत्रिक अडचण येते. मॅटप्लॉटलिबच्या मूळ फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत, त्यामुळे अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. देवनागरी फॉन्ट दिला तरी ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं विस्कटू शकतात. सोपा मार्ग असा की नोंदीसाठी आलेख प्लॉटली या दुसऱ्या साधनात काढावा. एमएलफ्लोची लॉग फिगर आज्ञा प्लॉटलीचा आलेख वेबपान म्हणून साठवते, ते ब्राउझरमध्ये उघडतं, आणि ब्राउझरला मराठी आणि कन्नड दोन्ही नीट मांडता येतात. घरावर बोट ठेवलं की त्यातला आकडाही दिसतो.

रनबरोबर मोकळ्या मजकुराची टीप लिहायचीही सोय असते. तिथं तारीख, भागाचं नाव, थ्रेशोल्ड कुणी आणि कुठलं चित्र बघून ठरवला, हे दोन ओळींत लिहून ठेवावं. उदाहरणार्थ: "पंप केसिंग, थ्रेशोल्ड ०.३५. क्वालिटी आणि फोरमन दोघांनी प्रिसिजन-रिकॉल वक्र आणि सुटलेल्या पिसांचं पान बघून मान्य केला. पावसाळा सुरू झाल्यावर पुन्हा बघायचा."